तुटलेला पट्टा आणि दिलेला शब्द

आमच्या खोलीच्या दाराआड एक जुनी सॅक टांगलेली असते. रंग तिचा निळा; उजवा पट्टा मात्र काळा. पाहुणे आले म्हणजे त्यांची नजर त्या काळ्या पट्ट्यावर हटकून जाते. "फादर, आता नवी घ्या की एखादी," असे कोणी सुचवितात, तर कोणी घेऊन देण्याचीही तयारी दाखवितात. त्यांच्या प्रेमाबद्दल आभार मानून आम्ही विषय बदलतो. कारण त्या पट्ट्याची हकीकत दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही. आज ती वाचकांपुढे मांडावी असे मनात आले आहे. आपल्या खेड्यांतील मुले-मुलीही आता हौसेने डोंगर चढू लागली आहेत, आणि सॅक, बूट, रेनकोट यांपायी घरोघरी कष्टाचे पैसे मोजले जात आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या आठ तरुणांनी पन्हाळा ते पावनखिंड पायी जाण्याचा बेत केला व आम्हांलाही बरोबर ओढले. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, तीच ही वाट. दरवर्षी जुलैच्या भर पावसात शेकडो माणसे ती दोन दिवसांत चालतात. सुमारे ५० किलोमीटरांची चाल, मसाई पठारावरचा झोंबरा वारा, पुढे ओढे, भातखाचरे आणि घोट्यापर्यंत चिखल. वयाची चाळिशी ओलांडलेल्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये, असे आमच्या गुडघ्यांचे मत होते. तथापि आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी सर्व यथास्थित पार पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी, करपेवाडी मागे टाकून थोडे पुढे गेलो असू, तोच बरोबरच्या एका तरुणाच्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला. दहा पावलांत तो असा उघडा पडला की, जणू बुटाने जांभईच दिली! आम्ही सुतळीने तो बांधला. तासाभराने डाव्यानेही उजव्याचे अनुकरण केले. एका निसरड्या उतारावर बिचाऱ्याचा पाय सरकला आणि तो पाच-सहा हात खाली घसरत गेला. सुदैवाने करवंदीच्या जाळीने त्याला अडविले. कोपर खरचटण्यावर निभावले. पण त्या जाळीपलीकडे ओढ्याचा खोल खळगा होता. तो पाहून आमच्या तोंडचे पाणी पळाले. त्याला हात देऊन वर ओढण्यासाठी आम्ही वाकलो, तेव्हा आमच्या सॅकचा उजवा पट्टाही मुळाशी फाटला आणि सॅक चिखलात पडली. उरलेली वाट आम्ही सॅक काखोटीला मारून, आणि तो तरुण रबरी चपला घालून चालला.

आता या दोन वस्तूंचा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. त्या तरुणाचे बूट पाच महिन्यांपूर्वीचे होते. पहिल्या पगारातून ३,२०० रुपये मोजून त्याने ते घेतले होते. "एवढे पैसे पायांत घालायचे का?" असे त्याच्या आईने आमच्यादेखत विचारले, तेव्हा "बाई, चांगल्या कंपनीचे बूट आहेत, टिकतील," अशी साक्ष आम्हीच दिली होती! खोक्यावर पाऊस, डोंगर आणि ओढा यांचे सुरेख चित्र होते. आत सहा महिन्यांच्या हमीचा कागद होता आणि पावतीही त्याने जपून ठेवली होती.

आमच्या सॅकचा इतिहास मात्र इतका उजळ नव्हता. सॅक चांगली होती आणि तिच्या निर्मात्यांनी पाच वर्षांची हमी दिली होती. परंतु आदल्या मे महिन्यात, सणाच्या जेवणासाठी बाजारातून २५ नारळ आणावयाचे होते, तेव्हा आम्ही ते त्या सॅकमध्ये भरले व सॅक स्कूटरच्या कॅरिअरला पट्ट्यांनीच आवळून बांधली. खड्ड्याखड्ड्यांतून घरी पोहोचेपर्यंत उजवा पट्टा लोखंडी कडेवर घासून मुळाशी अर्धा झिजला होता. आम्ही तो पाहिला, आणि पाहून न पाहिल्यासारखे केले.

घरी आल्यावर दोघांनीही आपापल्या कंपनीकडे तक्रार करावयाचे ठरविले. संगणकावर टंकलेखन करण्याचे काम तो तरुणच आमच्यासाठी करी. सॅकच्या कंपनीच्या अर्जात एक प्रश्न होता: वस्तू कोणत्या प्रकारे वापरीत असता नादुरुस्त झाली? त्याने आम्हांला न विचारताच लिहिले, "डोंगरात चालताना." मग आमच्याकडे पाहून हसत म्हणाला, "फादर, यात खोटं काहीच नाही."

आणि खरोखरच त्यात खोटे काही नव्हते! पट्टा डोंगरातच तुटला होता. नारळांविषयी कोणी विचारले नव्हते. एवढी मोठी कंपनी. तिला एका पट्ट्याचे काय मोल? शिवाय सॅक नवी घ्यावयाची तर चार-पाच हजारांचा प्रश्न. वाचकहो, प्रांजळपणे सांगतो, आम्ही पुरती दोन मिनिटे गप्प राहिलो. त्या दोन मिनिटांत तो तरुण आमच्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याच्या पाहण्यानेच आम्ही वाचलो. ज्याच्या आईला आपण बुटांची ग्वाही दिली, त्याच्यादेखत आपण अर्धे सत्य पुरे म्हणून खपवावे, हे जमेना. "नारळांचेही लिही," आम्ही म्हणालो. "किती होते तेही?" त्याने विचारले. "तेही," आम्ही म्हणालो. अर्ज गेला.

नऊ दिवसांनी उत्तर आले. खाली एका कर्मचाऱ्याचे नाव होते. नारळांची हकीकत मोकळेपणाने कळविल्याबद्दल त्याने आभार मानले होते. हमी केवळ निर्मितीतील दोषांपुरती असल्यामुळे नवी सॅक देता येत नाही. परंतु एक पट्टा आम्ही पोस्टाने पाठवितो, तो जवळच्या कारागिराकडून शिवून घ्यावा, निळा रंग आता बनत नाही म्हणून काळा पाठवीत आहोत, असा मजकूर होता. टाके कसे घालावेत हेही रेखाटून दाखविले होते: चौकोन शिवून त्यात आडवी फुली मारावयाची, म्हणजे ओढ एका ओळीवर न पडता सर्व बाजूंना वाटली जाते. बेळगावच्या बाजारातील एका वृद्ध कारागिराने तसेच टाके घातले आणि ६० रुपये घेतले. तोच हा काळा पट्टा.

त्या तरुणाच्या वाट्याला मात्र निराळे नशीब आले. त्याने पावती पाठविली, छायाचित्रे पाठविली. त्याला एक तक्रार क्रमांक मिळाला; पुन्हा फोन केला तेव्हा दुसरा मिळाला. दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी कहाणी पहिल्यापासून! अखेर उत्तर आले की, बूट ओल्यात वापरल्यामुळे झालेली ही 'सामान्य झीज' आहे. ज्यांनी खोक्यावर पाऊस रंगविला, त्यांनीच पावसाला दोष दिला. तो आमच्याकडे येऊन कडवटपणे म्हणाला, "फादर, तुमची चूक होती, तुम्हाला पट्टा मिळाला. माझी काहीच चूक नव्हती, मला काय मिळालं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि बुटांचे पैसे पुढे केले. त्याच्या आईने ते परत आमच्या हातात ठेवले. "चूक तुमची नाही, फादर," ती म्हणाली. "पण ज्याची आहे त्यानं ती म्हणायला नको का?"

हा प्रश्न मनात घोळत असताना या धंद्याचा थोडा इतिहास आमच्या वाचनात आला. १९१२ साली अमेरिकेतील मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन नावाच्या गृहस्थाने शिकाऱ्यांसाठी एक बूट तयार केला. खाली रबर, वर चामडे. पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमी देऊन त्याने टपालाने १०० जोड विकले. त्यांपैकी ९० परत आले. कारण चामडे रबरापासून सुटले होते. आमच्या तरुणाच्या बुटाचेच दुखणे, शंभर वर्षांपूर्वीचे! बीनने ओलीला दोष दिला नाही. त्याने सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढले, रबर सुधारले आणि पुन्हा बूट केले. त्या एका वागणुकीवर त्याची मोठी पेढी उभी राहिली. वस्तू कितीही वर्षांनी परत घेण्याची तिची ख्याती झाली.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. सिएटल शहरात गिर्यारोहकांनी १९३८ साली स्थापन केलेली आर. ई. आय. ही सहकारी संस्थाही अशीच वस्तू केव्हाही परत घेई. लोकांनी त्या सवलतीचा असा उपयोग केला की, त्या आद्याक्षरांचा अर्थ 'भाड्याने सामान देणारी मंडळी' असा थट्टेने लावला जाऊ लागला. वर्षानुवर्षे वापरून झिजविलेले बूट परत देऊन नवे नेणारे कमी नव्हते. २०१३ साली संस्थेने मुदत एक वर्षावर आणली. २०१८ साली बीनच्या पेढीनेही तेच केले. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तू जुन्या बाजारातून स्वस्तात विकत घेऊन, त्यांच्या बदल्यात नव्या मागणारे लोक तिला भेटू लागले होते. एका माणसाने १९१२ साली कर्ज काढून पाळलेला शब्द गिऱ्हाइकांच्या लबाडीने आखडला, आणि त्याची शिक्षा प्रामाणिक गिऱ्हाइकांनाही भोगावी लागली. आमच्या त्या अर्ध्या सत्याची किंमत कोणी मोजली असती, हे तेव्हा आम्हांला नीट उमगले. कंपनीने नव्हे, आमच्यानंतर खरी तक्रार घेऊन येणाऱ्या, आणि ज्याच्यावर मग कोणी विश्वास ठेवला नसता, अशा कोणा तरुणाने.

हे त्याला सांगितले, आणि त्याचबरोबर हेही सांगितले की, गप्प बसणे म्हणजे सोशिकपणा नव्हे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार मांडता येते, वकील द्यावाच लागतो असे नाही, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही पडत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर फोन केला, तर ते कंपनीशी बोलणे लावून देतात. त्याने फोन केला आणि पावती, हमीचा कागद व खोक्यावरील चित्र पाठवून दिले. तीन आठवड्यांनी ३,२०० रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. दिलगिरीचा मात्र एक शब्दही आला नाही.

येथे गृहिणींसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. कित्येक बुटांच्या तळाशी पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा मऊ थर असतो. हवेतील दमटपणाने तो हळूहळू विघटित होतो आणि काही वर्षांनी न वापरलेला बूटही पहिल्याच चालीत भुगा होऊन गळतो. म्हणून महागडे बूट 'पुढे उपयोगी पडतील' म्हणून कपाटात साठवू नयेत. ओले झालेले बूट, सॅक व तंबू सावलीत पूर्ण वाळवावे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नयेत. लांबच्या चालीपूर्वी जुने बूट घालून गावातच दोन दिवस हिंडून पाहावे.

पैसे मिळाले, तेव्हा प्रकरण मिटले असे आम्हांला वाटले. परंतु महिन्याभराने त्या तरुणाच्या दारात एक खोके येऊन पडले. आत त्याच मापाचे नवे कोरे बूट! कंपनीच्या एका खात्याने पैसे पाठविले आणि दुसऱ्याने, ते न कळल्यामुळे, जोड पाठविला. पावती नाही, मागणी नाही, विचारणारे कोणी नाही. या खेपेस तो आमच्याकडे सल्ला विचारावयास आला नाही; केवळ सांगावयास आला. "फादर, त्यांना कळवून टाकलं. बूट घेऊन जा म्हणून लिहिलं." मग थोडा थांबून म्हणाला, "नारळांसकट." आम्ही दोघेही हसलो.

कंपनीने पुन्हा एक तक्रार क्रमांक पाठविला. बूट न्यावयास मात्र आजवर कोणी आलेले नाही. त्याने दोनदा आठवण करून दिली. तो स्वतः बेळगावच्या एका ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या साध्या बुटांवर डोंगर चढतो. ते खोके त्याच्या आईने कपाटावर ठेवले आहे. आणखी काही वर्षांनी त्यातील सोल आपोआप गळून पडतील, हे आम्ही तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "पडू देत. ज्याचे आहेत, त्याचे आहेत."