दिवाबत्तीची बाब

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या घरपट्टीच्या पावतीवर, पाणीपट्टी आणि आरोग्य कर यांच्या पंगतीला, ‘दिवाबत्ती कर’ म्हणून एक लहानशी बाब असे. आणि तिची रक्कम इतकी क्षुल्लक असे की वडिलांनी तिच्याविषयी कधी कुरकुर केल्याचे मला स्मरत नाही. कुरकुर असे ती दिव्यांविषयी: खांब आहे पण दिवा नाही, दिवा आहे पण लागत नाही, आणि लागलाच तर भर दुपारी लागतो. सार्वजनिक प्रकाश ही मेहेरबानी नसून पट्टी भरून मागून घेण्याची वस्तू आहे, ही समजूत त्या पावतीनेच माझ्या मनात रुजवली असावी. कारण पुढे उतारवयात, मुलीकडे इंग्लंडच्या मध्यभागातील एका लहान गावी हिवाळा काढीत असता, तेथील टाऊन कौन्सिलच्या बैठकीस मी निव्वळ कुतूहलापोटी जाऊन बसलो आणि नाताळच्या रोषणाईवर खर्च करावा की न करावा या एका कलमावर दीड तास चाललेला वाद ऐकला, तेव्हा तो मला मुळीच परका वाटला नाही.

त्या देशाचा डिसेंबर ज्याने अनुभवला नाही त्यास या वादाची धग कळणार नाही. चार वाजण्याच्या सुमारास तेथे सूर्य मावळतो. मावळतो तरी कसे म्हणावे, दिवसभर मळकट पेळूसारखे जे काही आकाशात पसरलेले असते ते कोणी तरी मुकाट्याने गुंडाळून घेऊन जाते. शाळेतून परतणारी मुले, काठी टेकीत औषधाच्या दुकानाकडे निघालेले म्हातारे, बसची वाट पाहणारी ओली माणसे या सर्वांचा दिवस अंधारातच संपतो. आणि अशा वेळी मुख्य रस्त्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या तारांवर पिवळसर दिव्यांची माळ एकाएकी उजळते, तेव्हा ख्रिस्ताशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असा माझ्यासारखा माणूसदेखील क्षणभर मान वर करून उभा राहतो.

बैठकीत पहिल्याने बोलावयास उठल्या त्या एक वृद्ध बाई. काटकसर म्हणून आमच्या गल्लीतले रस्त्याचे दिवे मध्यरात्रीनंतर विझवले जातात, माझ्या शेजारणीस अंघोळ घालावयास येणाऱ्या बाईच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत, आणि तुम्ही चांदण्या टांगावयास निघालात, असा त्यांचा रोकडा सवाल होता. सभागृह गप्प झाले. मग कौन्सिलच्या कारकुनाने, अशा प्रसंगी जगातील सर्व कारकून ज्या अदबीने अडचणीचे सत्य सांगतात त्या अदबीने, खुलासा केला की वृद्धांची शुश्रूषा आणि रस्त्यावरचे दिवे ही दोन्ही खाती काउंटीच्या अखत्यारीत आहेत. या गावाच्या कौन्सिलकडे ती नाहीत. तिला आहे तो बागा, दफनभूमी, बाके, घड्याळ आणि, १९७२च्या स्थानिक शासनाच्या कायद्यान्वये, लोकांच्या करमणुकीवर खर्च करण्याचा अधिकार. रोषणाई रद्द केली तरी तो पैसा त्या शेजारणीच्या न्हाणीघरापर्यंत पोचावयाचा नाही. खुलासा बिनतोड होता, आणि त्याने बाईंचे समाधान झाले नाही हेही योग्यच होते. कारण कर भरणाऱ्याचा खिसा एकच असतो, खाती सरकारची वेगवेगळी असतात.

खर्च कशाचा, हेही मला तेथेच उमगले. माझी भाबडी समजूत की पैसा विजेवर जात असेल. परंतु जुन्या तंतूच्या दिव्यांच्या जागी एलईडी आल्यापासून विजेचा आकडा फारसा कोणी विचारीत नाही. खरा खर्च शिडीचा. ज्या खांबावर चांदणी लटकवायची तो वाऱ्यात तिचा भार सोसेल काय याची तपासणी, भिंतीतील आकड्यांना ओढून पाहण्याची परीक्षा, रात्री रस्ता बंद ठेवण्याची परवानगी, विमा, आणि जानेवारीत सर्व उतरवून कोठारात ठेवण्याची मजुरी. नोव्हेंबरात एका रात्री झोप येईना म्हणून मी खिडकीशी उभा होतो, तेव्हा यांत्रिक पाळण्यात उभे दोन मजूर हे काम करताना दिसले. एकाने हातमोजा दातांत धरला होता आणि उघड्या, लाल पडलेल्या बोटांनी तो तारेची गाठ सोडवीत होता. गेल्या वर्षी कोणी तरी घाईने गुंडाळून ठेवलेली गाठ. दिवाळीत आकाशकंदिलाची वायर सोडवताना मीही वर्षानुवर्षे हेच केले आहे, आणि मागच्या वर्षी ती गुंडाळणाराही मीच होतो.

व्यापाऱ्यांच्या वतीने बोलणारे एक गृहस्थ म्हणाले की दिवे आमच्या फायद्याचे आहेत, मग ते आम्हीच लावतो. युक्तिवाद सरळ आहे, आणि त्यास इतिहासाचा पाठिंबाही आहे. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १९५४ साली, म्हणजे युद्धकाळापासूनचे शिधावाटप ज्या वर्षी अखेर संपले त्याच वर्षी, नाताळचे दिवे लागले ते तेथील व्यापाऱ्यांच्या संघाच्या पुढाकाराने. ऑक्सफर्ड स्ट्रीटने १९५९ साली त्याचे अनुकरण केले. पण मंदी आली तेव्हा १९७६ आणि १९७७ ही दोन वर्षे ऑक्सफर्ड स्ट्रीट नाताळात काळोखी राहिली. व्यापाऱ्याचा दिवा व्यापाराच्या भरतीओहोटीने लागतो आणि विझतो, आणि दुकानांची रांग जेथे संपते तेथेच तोही संपतो. यात व्यापाऱ्याचा दोष नाही. त्याने धर्मादाय उघडलेला नाही. मात्र ज्या गल्लीत विकण्यासारखे काही नाही तिच्यात दिवा लावण्याचे प्रयोजन एकट्या सार्वजनिक खजिन्यालाच असू शकते, आणि दिव्याचे तेल कोणी घातले यावरच दिवा कोणाचा हे ठरते, असे माझे मत तेथे बसल्याबसल्या पक्के होत गेले.

आपल्याकडे हे ओळखले होते. दख्खनेतील मध्ययुगीन शिलालेखांत देवळाच्या नंदादीपासाठी तेल्यांच्या घाण्यामागे ठरीव माप तेल लावून दिल्याच्या नोंदी सापडतात. पुढे सनदांतून दिवाबत्तीकरिता जमिनी इनाम मिळाल्या. दिवाळीचा दिवा ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावरचा. परंतु त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळ पेटते ती साऱ्या गावाची, आणि ज्याच्या घरात त्या दिवशी पणतीपुरतेही तेल नसेल तोही तिच्याकडे आपली म्हणून पाहू शकतो.

सार्वजनिक द्रव्याने परधर्मीयांचा सण का उजळावा, असाही एक सूर बैठकीत निघाला. मला दोन गोष्टी आठवल्या. पहिली ट्रॅफल्गार चौकातील झाडाची: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नॉर्वेच्या राजास आश्रय दिला, देशास साहाय्य केले, त्या उपकाराची आठवण म्हणून १९४७ पासून ऑस्लो शहर दर नाताळास एक उंच स्प्रूस वृक्ष लंडनला पाठवते. एका नगरपालिकेने दुसऱ्या नगरीच्या चौकासाठी केलेला हा खर्च कोणत्या नफ्याच्या सदरात टाकणार? २०२१ साली आलेले झाड विरळ, केविलवाणे निघाले म्हणून लंडनकरांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. तरी झाड यावयाचे थांबले नाही.

दुसरी लेस्टर शहराची. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांस देशाबाहेर काढले, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या एका वृत्तपत्रात जाहिरात दिली: आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाहीत, तेव्हा कृपा करून लेस्टरला येऊ नये. लोक आले. बहुतेक गुजराती; आणि त्यांनी बेलग्रेव्ह रोडच्या ओसाड दुकानांतून मिठाई, साड्या आणि सोने मांडले. पुढे काही वर्षांनी त्याच रस्त्यावर, त्याच कौन्सिलच्या साहाय्याने दिवाळीचे दिवे लागू लागले, आणि आज त्या रोषणाईची गणना भारताबाहेरील मोठ्या दिवाळ्यांत केली जाते. ज्या दप्तरातून ‘येऊ नका’ अशी जाहिरात निघाली त्याच दप्तरातून दिव्यांच्या तरतुदीस मंजुरी निघावी, याहून मोठे क्षमापत्र कोणत्या शासनाने लिहिले असेल? मुलीबरोबर मी तो रस्ता पाहिला तेव्हा आमच्या शेजारी एक गोरे आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते, आणि पोराच्या हातातील जिलेबीचा पाक आजोबांच्या टोपीवर टपकत होता. नाताळचे दिवे धर्माचे म्हणून नाकारावेत, तर हेही त्याच न्यायाने विझवावे लागतील.

खजिना रिता असेल तर? बर्मिंगहॅमसारख्या प्रचंड नगरीने २०२३ साली, आपला जमाखर्च जुळत नाही, अशी कायदेशीर सूचना काढली आणि त्यानंतर रस्त्यावरचे दिवे मंद करण्यापर्यंत मजल गेली. परंतु त्या संकटामागे स्त्री कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या समान वेतनाचे दावे आणि फसलेली संगणक-व्यवस्था होती; नाताळच्या दिव्यांपायी बुडालेली नगरपालिका माझ्या तरी ऐकिवात नाही. आमच्या कारकुनाने हिशेब करून सांगितले की रोषणाईचा घरटी वार्षिक वाटा चहाच्या दोन पेल्यांइतका पडतो. तेवढा द्यावा, असे मला मताधिकार असता तर मी हात वर करून सांगितले असते. मात्र एक अट घातली असती. सार्वजनिक पैशाची माळ व्यापाऱ्याच्या माळेसारखी दुकानांपाशी संपता कामा नये. ती त्या वृद्ध बाईंच्या गल्लीत वळली पाहिजे, नाही तर त्यांचा सवाल कायम आणि माझा सारा युक्तिवाद बाद.

ठराव सात विरुद्ध चार मतांनी संमत झाला. गल्लीची सूचना एका सभासदाने मांडली होती. तिच्यावर, वेळेअभावी, पुढील वर्षी विचार करण्याचे ठरले. त्या नाताळात दिवे बँकेच्या कोपऱ्यापर्यंत लागले.