बालाघाटातला काळा दगड

बीडहून सोलापूर रस्त्याला लागलं की लवकरच मांजरसुंब्याचा घाट येतो. बालाघाटची ही चढण गाडीतून बघता बघता संपते. मी मात्र रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यापाशी उतरलो. थरावर थर बसलेला लाव्हा इथे उघडाच पडला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असल्याच लाव्ह्याने दख्खनचा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकला होता.

पण कड्यावरचा दगड ऊनपावसाने गंजलेला. ताजा दगड बघायचा तर विहिरीचाच. नेकनूरच्या पुढे एका विहिरीचं काम चालू होतं, सुरुंगाने फुटलेल्या दगडांचा ढीग काठावर पडला होता. भिंग काढून बसलो तशा शेताच्या मालकीणबाई जवळ आल्या.

"काय हुडकायलात, सर? पाणी लागंल का, ते सांगा."

पाण्याचं मला सांगता येत नव्हतं. "मावशी, हे बघा," म्हणून भिंग त्यांच्या हाती दिलं. काळ्याभोर दगडात दोन-तीन मिलिमीटरच्या पांढरट पट्ट्या होत्या. दगड उन्हात जरा तिरका धरताच त्यातली एक लखकन चमकली.

"आगं बया, काच हाय की ह्यात!"

तो प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचा स्फटिक. या दगडात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. मॅग्मा वर उसळण्याआधी भूगर्भात साठून हळूहळू निवतो, तेव्हा हे स्फटिक धरू लागतात. गाभ्यात कॅल्शियम जास्त. मॅग्मा निवेल तसं बाहेरच्या कड्यांत सोडियम वाढतं. मधेच खालून नवा, जास्त तापलेला मॅग्मा आला, तर स्फटिकाची कड थोडी विरघळते आणि तिच्यावर पुन्हा कॅल्शियमची कडी चढते. ही नोंद पुसलीही जात नाही. कॅल्शियम-सोडियमची अदलाबदल व्हायची तर सोबत ॲल्युमिनियम-सिलिकॉनचीही व्हावी लागते, आणि ते स्फटिकाच्या जाळीत इतके घट्ट बसलेले असतात की सहसा हलत नाहीत. प्रयोगशाळेत दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप घासून, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडून गाभ्यापासून कडेपर्यंत एकेक ठिपका तपासतात. सगळा इतिहास क्रमाने हाती येतो.

खडीसाखर संथपणे निवणाऱ्या पाकातच मोठी होते, तसंच यांचं. थळघाटात तर बोटाएवढे स्फटिक आहेत. त्यांच्या आकारांवरून भूगर्भातला मुक्काम काही शतकं ते हजार-दीड हजार वर्षांचा असावा, असा अंदाज निघाला आहे. त्या मानाने नेकनूरचे बारीकच.

केज मागे टाकून अंबाजोगाईला पोचलो. हत्तीखान्याची लेणी याच जातीच्या काळ्या पाषाणात कोरलेली. खांबांवर हात फिरवताना छिन्नीचे घाव बोटांना लागत होते. इथे हातोडी चालवायची नाही, नुसतं पाहायचं. आणि तेवढ्यासाठीही वाट वाकडी करावी, असं हे ठिकाण आहे.

तिथून लातूरची गाडी धरली, पुढे किल्लारीसाठी. 1993 च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या खोल विवरात 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, संपल्यावर त्याहून कितीतरी जुना नीस खडक लागला. वर येणाऱ्या मॅग्मात असला जुना खडक किती मिसळला, ते स्फटिकांतल्या स्ट्रॉन्शियमवरून ताडता येतं. नेकनूरचा एक तुकडा मावशींनी मला आपणहून दिला होता. त्याचा काप करायचा आहे.