गाळणीतून निसटलेला मंगळवार

मध्यंतरी चार दिवस रजा काढून हुबळीला मावशीकडे जाऊन आलो. दाजीबानपेठेत तिचे घर, तुळजाभवानीच्या देवळापासून फार लांब नाही. २०१४ पासून शहराचे सरकारी नाव हुबळ्ळी झाले, पण आमच्या आईच्या तोंडी अजून हुबळीच!

मावसभाऊ तिथल्या भजनी मंडळाची वेबसाइट सांभाळतो. पानाच्या कोपऱ्यात कार्यक्रमांची चौकट आहे, तिला विजेट म्हणतात. मंडळाच्या कॅलेंडरात जे टिपाल ते तिथे आपोआप दिसते. झाले काय, की वर्गणीच्या बैठका, तबल्याची दुरुस्ती, गॅसचा सिलिंडर... सगळेच जगाला दिसू लागले! म्हणून त्याने गाळणी लावली : नोंदीत 'भजन' हा शब्द असेल तरच दाखव.

चौकट स्वच्छ झाली. आणि दुसऱ्याच दिवशी फोंड्याहून आईचा फोन. "अरे, ताईचे मंगळवारचे भजन बंद पडले काय? तिची तब्येत बरी आहे ना?"

आई रोज मोबाईलवर ते पान उघडते. गुडघ्यांमुळे तिचे हुबळीला जाणे थांबले. बहिणीचा मंगळवार तेवढा हाती उरला आहे.

मावशी तर माझ्यासमोर पोहे परतत होती! शोधल्यावर कळले, ती नोंद भावाच्या बायकोने कन्नड लिपीत केली होती. भजन तेच, उच्चारही जवळजवळ तोच. पण युनिकोडमध्ये कन्नड 'भ' आणि देवनागरी 'भ' यांचे क्रमांक वेगळे. दोन्ही एकच, हे यंत्राला कोण सांगणार?

मी कारकून माणूस. आमच्याकडे कागद आवक नोंदवहीत चढतो तेव्हाच त्याचे टेबल ठरते. मागाहून शब्द हुडकत बसलो तर फाईल हाती लागत नाही. भावाला म्हटले, "दोन कॅलेंडरे कर. एक घरचे, एक गावाला दाखवायचे."

"दादा, मग गाळणी?"

"नकोच."

गूगल कॅलेंडरात हे सहज जमते. चौकटीच्या कोडमध्ये हवे तेच कॅलेंडर घालता येते. शिवाय गाळणी नुसती झाकते. मूळ कॅलेंडर सार्वजनिक असेल तर आतला सिलिंडर उघडाच! घरचे कॅलेंडर खाजगी ठेवले की तीही चिंता मिटली.

अर्ध्या तासात काम झाले. आईला फोन लावला.

"दिसला गे मंगळवार?"

"दिसला. आता ताईला दे फोन."

पोहे गार झाले. असो.