दुखरे गुडघे आणि पंधरा मिनिटांचा नियम

आमच्या घरात वडीलधाऱ्या स्त्रियांचे दुखणे सहसा उशिरा कळते. माझ्या सासूबाईंनी प्रथम फैजपूरच्या बाजारात जाणे थांबवले, मग जिना चढणे आणि शेवटी स्थानकात जाणे. कारण विचारले, तर एकच उत्तर मिळे, "वयच झाले आता."

गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर. पण दुखते म्हणून बसून राहिले, की मांडीचे स्नायू दुर्बळ होतात आणि सांध्यावरचा ताण आणखी वाढतो. जळगावच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हे समजावताना सांगितले, की सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते आणि त्यासाठी हालचाल हवी. सासूबाईंना हे तत्काळ पटले.

व्यायाम साधे होते. पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती पाच सेकंद खाली दाबायची आणि सोडायची. असे दहा वेळा. एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीवरून, शक्यतो हातांचा आधार न घेता, सावकाश उठायचे आणि बसायचे. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळले, तर काळजी नसावी. गुडघा सुजला वा गरम झाला, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. वजनाचाही विचार हवा. शरीराचे एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

सामायिकाच्या ४८ मिनिटांसाठी मांडी घालण्याचा आग्रह त्यांनी सोडला आणि खुर्ची घेतली. समभाव आसनाच्या उंचीवर अवलंबून नसतो, हे त्यांचेच शब्द.

झीज भरून आली नाही, वेदनाही पूर्ण गेली नाही. परंतु दोन महिन्यांनी त्या कठड्याला धरून जिना चढल्या आणि पुढच्या पक्खीला स्वतःच्या पायांनी स्थानकात गेल्या.

भगिनींनो, नवकारसीचा नियम आपण किती निष्ठेने पाळतो! त्याच निष्ठेने रोजची पंधरा मिनिटे या देहासाठी द्यावीत. आणि घरातल्या सुनांनी, मुलांनी "आई, आज व्यायाम झाला का?" एवढे आवर्जून विचारावे. वडीलधाऱ्यांची खरी वैयावृत्त्य अशा लहान प्रश्नांतूनही घडते.