मोरीचा वास

माझी आई पुण्याची. लग्न होऊन मालवणला आली त्या आठवड्यातच सासूने सकाळी जाहीर केलं, "आज मोरी करुया." आईने पदर खोचला आणि फिनेलची बाटली कुठे असते ते विचारलं. पुढची चाळीस वर्षं ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली. मुंबईकडे जिला मुशी म्हणतात तीच मालवण-गोव्याकडची मोरी. म्हणजे शार्कच, पण हातभर लांबीचा आणि आमटीत मावणारा.

आजी मोरी साफ करायची ते मी ओट्याशी उभं राहून पाहिलंय. आधी कढत पाणी ओतायचं, मग काथ्याने खसाखसा घासायचं. काचकागदासारखी खरखरीत कातडी हळूहळू सुटून यायची. तिच्यावर असतात ते सुरमईसारखे खवले नव्हेत. ते दात आहेत, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक आणि सगळे शेपटीकडे कललेले. तोंडातले दात ज्या मालाचे, त्याच मालाचे हे अंगावरचे. तुकडे करताना विळी कुठे अडत नसे, कारण आत हाड नाहीच, सगळा सांगाडा कूर्चेचा. तुकडे झाले की लगेच हळद, मीठ आणि आगळ. तिथे कोणी रेंगाळलं की आजीचा आवाज चढायचा, "वेळ लावलंस तर वास मारतलो!"

वास कसला, ते सांगायला आमच्याकडे कोणी लाजत नसे. मोरीला मोरीचाच वास यायचा. आई नाकाला पदर लावून म्हणायची, नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलंय.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा कळलं की आईचं म्हणणं अगदी खरं होतं. समुद्र खारट, त्यात पोहणाऱ्या माशाचं रक्त त्याहून बरंच कमी खारट. त्यामुळे माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. सुरमई, बांगडा, पापलेट यांनी त्यावर कष्टाचा उपाय काढला: समुद्र पीत राहायचं आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत राहायचं. शार्कच्या घराण्याने वेगळी वाट धरली. आपण लघवीवाटे फेकून देतो तो युरिया ते अंगातच साठवतात. रक्तात इतका युरिया, की माणसाचा असा रिपोर्ट आला तर डॉक्टर खुर्चीतून उठेल. आत आणि बाहेर साधारण सारखीच दाटी झाली की पाणी पळून जात नाही, तहानेचा प्रश्नच मिटतो.

पण युरिया हा वाईट भाडेकरू. तो प्रथिनांच्या घड्या उसवतो. म्हणून त्याच्या सोबतीला शार्क आणखी एक रसायन बाळगतात, ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. सोयीसाठी टीएमएओ म्हणू. ते प्रथिनांच्या घड्या सावरून धरतं. मासा मेला की जिवाणू दोघांवर तुटून पडतात. युरियाचा अमोनिया होतो, टीएमएओपासून तो ओळखीचा मासळीचा दर्प निघतो. आगळाची आंबटाई या दोन्ही वायूंना क्षारात बांधून टाकते आणि वास भांड्यातच राहतो. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त आगळ कधी लावायचं ते ठाऊक होतं.

खोल समुद्रातल्या शार्कांबद्दल वाचायला लागलो तेव्हा चित्रं अर्थात जबड्यांचीच होती. जपानच्या समुद्रात सापडलेला गॉब्लिन शार्क आपला जबडा गलोलीसारखा तोंडाबाहेर फेकतो. कुकीकटर शार्क ट्यूना आणि देवमाशांच्या अंगातून वाटीने कापल्यासारखा गोल लचका काढतो; १९७०च्या दशकात त्याने अमेरिकी पाणबुड्यांच्या रबरी आवरणालाही दात लावले होते. गमतीदार आहे सगळं. पण माझं नाक सारखं त्या वासाकडेच जायचं.

कारण खाली गेलं की तो वास बदलतो. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. तीन हजार मीटरवर तीनशे वातावरणांचा. एवढ्या दाबाखाली प्रथिनांचा आकार बिघडतो, आणि त्यावरही इलाज तोच, टीएमएओ. म्हणून शार्क जितका खोलातला, तितका त्याच्या मांसात युरिया कमी आणि टीएमएओ जास्त. दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत, कारण भांडं आधीच काठोकाठ भरलंय. युरिया काढत काढत टीएमएओ भरायचं, आणि काढण्यासारखा युरिया संपत आला की पुढे जागाच नाही. हाडाच्या माशांचं भांडं मुळात अर्धं रिकामं, त्यांना भरायला भरपूर वाव. म्हणून स्नेलफिश नावाचा एक गुळगुळीत, बिचारा दिसणारा मासा जपानजवळच्या गर्तेत ८,३३६ मीटरवर कॅमेऱ्यात सापडला, आणि शार्कची नोंद ३,७०० मीटरच्या अलीकडेच संपते. म्हणजे समुद्राच्या सरासरी खोलीपर्यंतच. त्याखालच्या अफाट अंधारात शार्क नाही. काही अभ्यासक याचं कारण यकृतात शोधतात: शार्कला पोहण्यासाठी हवेचा फुगा नसतो, ते तेलाने भरलेल्या भल्यामोठ्या यकृतावर तरंगतात, आणि खाली अन्न इतकं कमी की एवढं तेल साठवणं परवडत नाही. दोन्ही कारणं खरी असतील. मला अर्थातच वासाचं कारण जास्त पटतं.

त्या हद्दीच्या अलीकडे मात्र काय काय चाललेलं असतं! लँटर्न शार्क पोटाकडून मंद निळसर उजेड सोडतात, म्हणजे खालून बघणाऱ्याला वरच्या फिक्या उजेडात त्यांची सावली दिसत नाही. हा दिवा मज्जातंतू नाही, संप्रेरकं चालू-बंद करतात. त्यात मेलाटोनिन आहे, तेच जे आपल्याला रात्री झोप आणतं. आणि शार्कांची लांबची भावंडं, कायमेरा. साधारण चाळीस कोटी वर्षांपूर्वी वाटणी झालेलं हे घराणं. मोठे हिरवट डोळे, उंदरासारखं शेपूट, आणि पोटात जठरच नाही. युरियाचा वारसा मात्र त्यांनीही सोडला नाही. नराच्या कपाळावर एक आकडी असते, घडी घालून ठेवता येणारी, आणि तिच्यावर दात. तो कपाळाने मादीचा पर धरून ठेवतो. हे दात म्हणजे कातडीवरच्या खरखरीचाच प्रकार असेल असं वाटण्यासारखं होतं, पण २०२५ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की ते तोंडातल्यासारखेच अस्सल दात आहेत, त्याच प्रकारच्या दंतपेशींच्या पट्ट्यातून उगवलेले. कपाळी दात उगवणं हे आपल्याकडे शिवी म्हणूनसुद्धा कोणाला सुचलेलं नाही.

सगळ्यात जास्त वासाचा धनी म्हणजे ग्रीनलँड शार्क. उत्तर ध्रुवाकडच्या गारठ्यात, चालणाऱ्या माणसापेक्षाही संथ पोहणारा. बऱ्याच जणांच्या डोळ्याला एक परजीवी दोऱ्यासारखा लोंबत असतो, त्यामुळे दिसतंही धूसर. त्याच्या मांसात टीएमएओ इतकं, की ताजं खाल्लं तर दारू प्यायल्यासारखी गत होते. आइसलँडचे लोक ते रेतीच्या खड्ड्यात दगडाखाली कित्येक आठवडे दाबून ठेवतात, मग महिनोन्महिने टांगून वाळवतात आणि सणाला खातात. हाकार्ल म्हणतात त्याला. उत्तरेकडच्या इनुइट लोकांच्या एका कथेत तर हा शार्क जन्मलाच मुळी मुतातून: एका म्हातारीने लघवीने केस धुऊन फडक्याने पुसले, फडकं वाऱ्याने समुद्रात उडालं आणि त्याचा शार्क झाला. आमची आई ही कथा ऐकून समाधानाने हसली.

या शार्कचं वय काढायचं कसं, ही पंचाईत होती; हाडं नाहीत, कूर्चा मऊ, वर्षांचे वेढे पडत नाहीत. शेवटी संशोधकांनी डोळा उघडला. भिंगाचा गाभा आईच्या पोटात तयार होतो आणि मग आयुष्यभर बदलत नाही. त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून २०१६ साली जे आकडे छापून आले, त्यांत पाच मीटर लांबीच्या एका मादीचं वय आलं ३९२ वर्षं, १२० वर्षं इकडे-तिकडे. मधला आकडा धरला तर ती जन्मली भातवडीच्या लढाईच्या सुमारास. आणि माद्या वयात येतात साधारण दीडशे वर्षांनी. म्हणजे शहाजीराजे, शिवाजी महाराज, संभाजी, बाजीराव, पानिपत सगळं होऊन गेलं, शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, तेव्हा कुठे ही पोर लग्नाची झाली.

एवढ्या सावकाश चालणाऱ्या संसाराला माणसाची घाई झेपत नाही. केरळात खोल पाण्यातले गल्पर शार्क कोचीच्या बंदरावर उतरतात, कधी कधी लांब नाकाचे कायमेराही; माणसांना हवं असतं ते यकृत. त्यातलं स्क्वालीन सौंदर्यप्रसाधनांत जातं, काही लसींतही. १९१६ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ त्सुजिमोतोने त्याला हे नाव दिलं, स्क्वालस या शार्कवरूनच. आणि यातल्या काही जातींची मादी दोनेक वर्षं पोट वागवून एकच पिल्लू देते. मालदीवनेही गेल्या शतकाच्या अखेरीस यकृतासाठी अशीच मासेमारी केली, आणि ती काही वर्षांतच आटली.

आजी जाण्याच्या आदल्या वर्षी सुट्टीत मी तिला फ्रिल्ड शार्कचं चित्र दाखवलं होतं. सापासारखं लांब अंग, गळ्याशी झालरीसारखे कल्ले, तोंडात तीनशेच्या आसपास त्रिशुळी दात. जपानमध्ये अभ्यास झालाय, मी सांगितलं. पिल्लू महिन्याला दीडएक सेंटिमीटरच वाढतं, मादी बहुधा साडेतीन वर्षं पोटुशी राहते.

आमच्याकडे बाळंतिणीला मोरी घालतात, दूध यावं म्हणून. माझ्या आईलाही घातली होती, नाक दाबून. आजीने घरातल्या सगळ्यांची बाळंतपणं केलेली. तिने चष्मा कपाळावर सारला, चित्राकडे पुन्हा एकदा बघितलं आणि विचारलं, "आणि मगे तिचा बाळांतपण कोण करता?"