उशीर

सांगानेरला कापडाच्या एका निर्यातगृहात मी बरीच वर्षे हजेरीपट ठेवला. लग्न होऊन साताऱ्याकडून जयपूरला आलेल्या, पुस्तकी हिंदी बोलणाऱ्या आणि ढूंढाडी मुळीच न कळणाऱ्या बाईला एवढेच काम मिळण्याजोगे होते. मला ते आवडलेही. हजेरीपट ही मोठी निःशंक वस्तू असते. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत आलेली बाई हजर. त्यानंतर आलेलीच्या नावापुढे तांबड्या शाईने 'उशीर'. अशा तीन खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाची मजुरी वजा. का, कशासाठी, हे विचारायला हजेरीपटात जागा नव्हती, आणि ती असावी असे मलाही कधी वाटले नव्हते.

आमच्याकडे ठशांची छपाई पुरुष करीत. कापडाच्या घड्या, लोंबते दोरे कापणे, गोटा-पट्टी लावणे आणि रजयांची तगाई ही बायकांची कामे. जयपुरी रजई पुष्कळांना ठाऊक असते. पिंजलेला कापूस दोन अस्तरांमध्ये पसरून त्यावर हाताने धावदोरा घालणे म्हणजे तगाई, हे ठाऊक असणारे थोडे. हे काम बहुतेक घरीच होई. ठेकेदार माल पोचवी, आठवड्याने गोळा करी, मजुरी नगावर. परत आलेल्या रजया तपासताना दिसे, की एका कडेचे टाके तांदळाएवढे आणि दुसऱ्या कडेचे बोटाच्या पेराएवढे. असा माल बाद. एकदा पन्नाशीची एक कारागीर समोर बसली असता मी तिला ते टाके दाखवले. तिने रजईवरून हात फिरवला आणि वाचल्यासारखे सांगितले : हे दुपारचे, हे दिवे गेल्यावरचे, इथे सासऱ्यांना उचलून बसवले, इथून पुढे सुनेने घातले. मी ऐकून घेतले आणि रजई बाद केली. नियम तसाच होता.

उन्हाळ्यात तांबड्या खुणा वाढत. मालक म्हणत, उन्हाने माणसे सुस्तावतात. पुरुषांच्या पटात मात्र त्या वाढत नसत. याचा उलगडा मला फार उशिरा झाला : वस्तीतल्या नळाला उन्हाळ्यात पाणी येण्याची वेळ बदलत असे. ऊन दोघांनाही सारखेच होते, पाणी मात्र एकट्या बायकांचे होते.

अलीकडे स्त्रियांच्या अनुभवांतून उद्योगांनी शिकावे, असे व्याख्यानांतून पुष्कळ ऐकू येते. अशा एका व्याख्यानाला मालकांनी मला पाठवले होते. वक्त्यांचे बोलणे गुळगुळीत होते आणि जेवण उत्तम. शिकणे घडतच नाही असे मी म्हणणार नाही. माझ्या माहेरच्या जिल्ह्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या, म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याचे आव्हान त्यांनी अधिकाऱ्यांनाच दिले. पुढे याच बायकांनी पासबुक घरी नको असा हट्ट धरला, कारण पासबुक घरी असले की नवऱ्याला शिल्लक कळते. पासबुक म्हणजे सुरक्षितता, एवढेच बँकेच्या शास्त्राला ठाऊक होते. ते कोणाच्या हाती पडते हे बायकांना ठाऊक होते. इकडे जयपूरच्या गालिच्यांच्या एका मोठ्या पेढीने, नंदकिशोर चौधरी यांच्या जयपूर रग्जने, खेड्यांतल्या विणकर बायकांना उरलेसुरले धागे देऊन मनातले नक्षीकाम विणायला सांगितले. त्या गालिच्यांना 'मनचाहा' हे नाव आहे आणि ते जगभर वाखाणले गेले. हे मला मनापासून आवडते. तरीही नक्षी शिकून घेणे सोपे, कारण ती विकता येते. जे विकता येत नाही ते शिकण्याची पाळी आमच्यावर आली होती. त्याचे हे सांगणे आहे.

२०१३ च्या कायद्यानंतर आमच्याकडे तक्रार समिती नेमली गेली आणि तिच्यात माझे नाव घातले गेले. शिकवायला आलेल्या वकिलांनी 'विशाखा निर्णय' पाच मिनिटांत आटोपला. विशाखा ही एक संस्था. ज्या बाईमुळे तो निर्णय झाला तिचे नाव त्यांच्या टिपणात नव्हते. ते नाव जयपूरमध्ये कोणालाही विचारावे. भंवरीदेवी, जातीने कुम्हार, जयपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या भटेरीच्या. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथीन' होत्या. १९९२ साली त्यांनी एका तान्ह्या मुलीचा विवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. सरकारने नेमून दिलेले कामच ते होते. त्याचा सूड म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर, नवऱ्यादेखत, शेतात सामूहिक बलात्कार झाला. वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवसांहून अधिक काळ गेला, आणि मग तोच उशीर त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. १९९५ साली जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या एक निराळाच प्रश्न घेऊन : कामामुळे बाईवर जे ओढवते त्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे की नाही? १३ ऑगस्ट १९९७ रोजी निर्णय झाला आणि देशातल्या प्रत्येक कचेरीला नियम घालून दिले गेले. त्यांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षे लागली. साथिनीच्या कामाला भिंती नसतात, सारा गावच तिची कचेरी असतो. कायद्याने 'कामाची जागा' या शब्दांत घरदेखील घेतले आणि ठेकेदारामार्फत राबणारी बाईही कामगारच मानली, त्यामागे भटेरीचे ते शेत आहे असे मी समजते.

हे सारे मी तेव्हा वाचले होते. परीक्षेला बसले असते तर उत्तीर्ण झाले असते.

समितीपुढे आलेली पहिली तक्रार तगाई करणाऱ्या एका विधवेची होती. माल गोळा करायला आलेल्या ठेकेदाराने तिच्या घरात तिचा हात धरला, दार लोटले. शेजारीण अचानक आली म्हणून पुढचे टळले. ती आमच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली होती. ओढणीची कड पुन्हा पुन्हा मुडपत होती. घटनेला सात महिने होऊन गेले होते. कायद्यात मुदत तीन महिन्यांची, आणि समितीला कारण पटले तर ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवता येते. प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आले, कारण तिला मीच ओळखत होते.

"इतका उशीर का केलात?" मी विचारले.

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "बाईसा, मुलीची पाठवणी मागल्या सोमवारी झाली. मंगळवारी मी आले."

खोलीत पंख्याचा आवाज होता. मला तिचे म्हणणे तत्काळ कळले. आईचे नाव अशा गोष्टीत आले असते तर मुलीची सोयरीक मोडली असती. तिने मुलगी सासरी पोचेपर्यंतचे दिवस मोजले होते आणि मोकळी झाल्यावर एक दिवसही दवडला नव्हता. पण आमच्या हिशेबात ती एक महिना उशिरा आली होती. घर ही कामाची जागा आहे, असे मी चाचरत म्हटले. समितीतल्या एकाने कागद चाळत उत्तर दिले, की मुदतच संपली आहे, तेव्हा जागेचा प्रश्न उरत नाही. ते कायद्याला धरून होते. निदान ठेकेदार बदला, ही सूचना इतिवृत्तात नोंदवावी असा आग्रह मला धरता आला असता. त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. मी धरला नाही. इतिवृत्ताखाली चौथी सही माझी आहे.

तिला पुढे रजया आल्या नाहीत. कोणी बंद केल्या असे नाही. माल वाटणाऱ्याने तिच्या गल्लीत जाणे सोडले, एवढेच.

त्यानंतर मी हजेरीपटात 'कारण' असा एक रकाना आखून घेतला. मालकांनी हरकत घेतली नाही, त्याला खर्च नव्हता. वर्षभरात तो भरत गेला : पाणी, सासूबाईंचे डोळे, शाळेचा दाखला, पाणी, रेशन, रात्री मारले, पाणी. त्याच्या जोरावर उन्हाळ्यातली कामाची वेळ अर्धा तास पुढे नेऊन घेतली, आणि मजुरी कापणे थांबले. मालक हे पाहुण्यांना कौतुकाने सांगत. घरी टाके घालणाऱ्या बायकांसाठी मात्र हजेरीपटच नव्हता, त्यामुळे रकानाही नव्हता.

मी नोकरी सोडीपर्यंत त्या ठेकेदाराची बिले माझ्याच टेबलावरून जात राहिली. दर शनिवारी तो नऊच्या आत येई, नमस्कार करी आणि रजया मोजून देई. त्याला कधी उशीर झाल्याचे मला आठवत नाही.