चांदणी आणि प्रश्नचिन्ह

दोस्तांनो, पत्त्यांतला जोकर कुठल्याही पानाच्या जागी चालतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. कॉम्प्युटरमध्येही असे जोकर असतात. त्यांतले दोन म्हणजे * ही चांदणी आणि ? हे प्रश्नचिन्ह. त्यांच्यातला फरक विसरले नि माझी काय फजिती झाली, ते ऐका.

मी चौथीची बाई. हौस म्हणून सी भाषा शिकत होते. वर्गातल्या बारा मुलांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर गोष्टी टाइप केल्या होत्या. फाइलींची नावं गोष्ट१, गोष्ट२ अशी थेट गोष्ट१२ पर्यंत. म्हटलं, या पेनड्राइव्हवर घेऊ आणि कॉम्प्युटर साफ करू.

लिनक्सवर सी प्रोग्रॅममध्ये 'ग्लॉब' नावाचं फंक्शन वापरता येतं. त्याला नमुना दिला, की त्यात बसणाऱ्या फाइलींची यादी ते देतं. हे नाव जुनं आहे बरं का! १९७१ च्या युनिक्समध्ये याच कामाचा 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता.

कॉपी करताना मी नमुना दिला 'गोष्ट?'. दुसऱ्या दिवशी पुसताना दिला 'गोष्ट*'. चूक कळली का? प्रश्नचिन्हाच्या जागी बरोब्बर एकच अक्षर बसतं. म्हणजे १ ते ९ आत, पण १०, ११, १२ बाहेर! चांदणीच्या जागी मात्र कितीही अक्षरं चालतात, अगदी एकही नसलं तरी. म्हणून कॉपी झाल्या नऊ आणि पुसल्या गेल्या बारा. सी मधल्या 'रिमूव्ह'नं पुसलेली फाइल कचरापेटीतही जात नाही.

अकरावी गोष्ट होती वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलीची. तिची पहिलीवहिली गोष्ट! तिला सांगताना माझाच आवाज कापरा झाला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, पुसायच्या आधी मोजल्या नव्हत्या का?"

खरंच की! ग्लॉब यादीबरोबर आकडाही देतं. तो मी छापून पाहिला असता, तर ९ दिसले असते.

तिनं गोष्ट पुन्हा लिहिली. "पण शेवट पहिल्यासारखा नाही जमला," असं म्हणाली. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: आधी यादी छापायची, मग मोजायची, मगच पुसायची. तुम्हीही तसंच कराल ना?